रेवणप्पा सरांचे तीन पंखे

लातुरात फिजिक्स शिकवणारे सर गल्लोगल्ली सापडतात. पण स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडणारे सर आपण एकटेच, अशी रेवणप्पा सरांची पक्की खात्री होती. सुटे भाग मागवून, आठवडाभर स्क्रू पिळून त्यांनी तो उभा केला होता. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी त्याचं काचेतलं पोट बघावं लागे. आत तीन पंखे: दोन डब्याचे, एक प्रोसेसरच्या डोक्यावरचा.

अडचण एकच. ऑनलाइन क्लास सुरू झाला की पंखे असे घरघरायचे की एका पोरीनं चॅटमध्ये लिहिलं, "सर, मागं मळणी चालू हाय का?" त्यावर शे-दीडशे हसरे चेहरे उमटले. ते सरांना फार लागलं.

मग सरांनी पंख्यांचा वेग ठरवणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. अमुक तापमानाला तमुक वेग, अशी त्यात रेघ ओढायची. सरांनी अख्खा रविवार रेघ ओढण्यात घातला. साठ अंशांपर्यंत पंखे झोपलेले, ऐंशीला धावते. संध्याकाळी घर इतकं चिडीचूप झालं की मोरीतला नळ ठिबकताना ऐकू यायला लागला.

"ऐक जरा," ते सिंधूला म्हणाले. त्यांची बायको सिंधू सरकारी दवाखान्यात नर्स. नुकतीच ड्युटीवरून आली होती.

"काय ऐकू? कायबी ऐकू येईना."

"हाव! तेच तर. कंपनीवाल्यांना जमलं न्हाई ते मी करून दाखवलं."

सोमवारचा विषय होता उष्णतेचं वहन. बाहेर मे महिना पेटलेला. आवाज नको म्हणून सरांनी खोलीतला कूलरही बंद केला होता. "उष्णतेला वाट दिली न्हाई तर ती साठत जाते," सर रंगात आले होते. "अन् साठली की..."

पडदा काळा झाला. साठली की काय, ते तीनशे पोरांना कळलंच नाही.

सरांनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पाच मिनिटांत पुन्हा काळोख. सरांनी आधी विजेला शिव्या घातल्या आणि मग ज्याच्याकडून भाग घेतले त्या नांदेडच्या सिद्धरामला फोन लावला.

"सर, गरम होऊन राहिलं का बघा की," सिद्धराम म्हणाला.

"मला गरम शिकवतो का? वीस वर्षं झाली थर्मोडायनॅमिक्स शिकवून! बंद पडायच्या आधी पंचेचाळीसच दाखवत होतं इथं."

आवाज ऐकून सिंधू आत आली. तिनं डब्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. सरांनी तिसऱ्यांदा चालू केलेल्या पडद्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे पंचेचाळीस कुणाचं?"

"मदरबोर्डचं."

"अन् हे खालचं अठ्ठ्याण्णव?"

"ते... प्रोसेसरचं."

"मग त्याच्या डोक्यावरचा पंखा कुणाचं बघून फिरतोय?"

सरांनी सॉफ्टवेअरमधली सेन्सरची यादी उघडली. रविवारी रेघेच्या नादात त्यांनी यादीतलं पहिलंच नाव, मदरबोर्डचं, निवडलं होतं, तिन्ही पंख्यांना.

"अहो, ताप एकाला अन् थर्मामीटर दुसऱ्याच्या काखेत! आमच्या वॉर्डात असं केलं तर मला घरी बसवतील."

दोन टिचक्यांत काम झालं. पंखे थोडे घरघरले, पण पडदा शाबूत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी क्लासची सुरुवातच त्यावर केली. "सेन्सरची निवड! हा मुद्दा तुम्हाला कुठल्याच पुस्तकात भेटणार न्हाई. मी स्वतः लई संशोधन करून काढलाय." पोरांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. सरांनी मान तुकवून ती स्वीकारली.

तेवढ्यात देगलूरच्या दीपमालाचा प्रश्न आला: "सर, प्रोसेसर इतका तापला तरी मदरबोर्डचं तापमान का वाढलं न्हाई?"

सरांनी चष्मा पुसला. पाणी प्याले. मग माईक बंद करून हळूच हाक मारली, "सिंधू..."

सिंधू सकाळच्या ड्युटीला कधीच निघून गेली होती.

"छान प्रश्न," माईक चालू करत सर म्हणाले. "उद्या सगळ्यांनी उत्तर लिहून आणा."