एकच खुर्ची

"नव्या इंजिनाचा पिकअप म्हणजे, अगं, तू बघायला हवं होतंस!" दारात चपला भिरकावून हे हातवारे करतच आत आले.

"बघायला हवं होतंस, ताई," मागून येणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला.

हे पॅसेंजर गाडीचं डिझेल इंजिन चालवतात आणि माझा भाऊ ह्यांचा असिस्टंट. सिग्नल ज्याला आधी दिसेल त्याने मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, हा त्यांच्या कामाचा नियम. "हिरवा." "हिरवा." वर्षानुवर्षं शेजारी बसून ही खोड दोघांच्या अंगात इतकी मुरली की घरातही सुटेना. "दूध उतू चाललंय," हे म्हणणार. "दूध उतू चाललंय," भाऊ म्हणणार. उठायचं मात्र मीच.

आसपासच्या गावांच्या पॅसेंजर गाड्या आता जलद करायच्या होत्या. त्यासाठी दोन इंजिनांतून एक निवडायचं होतं आणि ड्रायव्हरांच्या वतीने ह्यांचं मत विचारलं होतं. तेव्हापासून स्वारी हवेतच होती.

"पहिलं इंजिन दांडगं आहे, पण उठायला आळशी," ह्यांनी चहा बशीत ओतला. "आमची गाडी घडीघडीला थांबणार, तिला ते काय कामाचं? दुसरं बघ, ब्रेक सोडला की पळालंच. काचा पक्क्या बंद, आत आवाज म्हणून नाही. आणि खुर्ची बरोब्बर मधोमध. दोन्ही बाजू दिसतात, कुणाला काही विचारायलाच नको. तसंच सांगितलं मी साहेबांना."

"दाजी, हेच घ्या," भाऊ म्हणाला.

"अरे, पण मग तू कुठे बसणार?" मी विचारलं.

दोघे माझ्याकडे बघून हसले. "चाचणीचं इंजिन आहे ते," हे म्हणाले. "साहेबलोकांना उभं राहायला जागा हवी म्हणून दुसरी खुर्ची काढली असेल. बसवतील."

"बसवतील," भाऊ म्हणाला. मीही हसले. एकट्या माणसासाठी इंजिन बनवतील हे आमच्या स्वप्नातही आलं नाही.

नवी इंजिनं आली त्या दिवशी भाऊ भरदुपारी एकटाच घरी आला. जेवणाचा डबा न उघडता तसाच परत आणलेला.

"एकच खुर्ची आहे, ताई."

"मग दुसरी बसवा म्हणावं!"

"जागाच नाही. असिस्टंट लागतच नाही त्याला. मला गाडीचे डबे धुण्याच्या शेडमध्ये टाकलंय."

मी त्याच्या हातातून डबा काढून घेतला. तेवढ्यात हे आले आणि बूटही न काढता दारातच उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"मी साहेबांना विचारलं, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं," ते म्हणाले. "तर म्हणतात, तुम्हीच म्हणाला होतात, कुणाला विचारायला नको."

मला ह्यांचा राग आला, साहेबांचा आला, त्या दिवशी हसले म्हणून स्वतःचाही आला.

"दाजी, हेच घ्या असं मीही म्हणालोच की," भाऊ हळूच म्हणाला.

ह्यांनी मान वर केली नाही. चुलीवरचं दूध उतू गेलं. आम्ही तिघेही बघत होतो, पण कुणी काही बोललं नाही.

नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला भाऊ येईना. मीच त्याला ओढत स्टेशनवर नेलं. शेडमधून तसाच आलेला, पँटचे पाय ओले. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, इंजिनाच्या अगदी जवळ आम्ही उभे राहिलो. काचेआड मधोमध हे बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, एकटे. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

सिग्नल पडला. काचेआड ह्यांचे ओठ हलले. आवाज बाहेर आला नाही, पण शब्द मला कळला. मग ह्यांनी डावीकडे मान वळवली आणि तसेच थांबले.

"हिरवा," माझ्या शेजारी भाऊ म्हणाला.

आत ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ह्यांनी मान सरळ केली, ब्रेक सोडला, आणि मागचे डबे अजून प्लॅटफॉर्मवर असतानाच गाडी पळायला लागली.