ठेंगू उताराला लागलं तेव्हा

खाणीतून भट्टीकडे चुनखडीचे डबे उतरवायला कारखान्याने डिझेलचं नवं इंजिन आणलं, तेव्हा ते बघून मी फिसकन हसले होते. चार चाकं, वर पत्र्याची खोली, धुराडं जेमतेम सासऱ्यांच्या टोपीएवढं. वाफेचं थोरलं धूड भंगारात गेलं आणि त्याच्या जागी हे आलं. सगळे त्याला ठेंगू म्हणायचे.

सासरे वाफेच्या इंजिनावर म्हातारे झालेले. ठेंगूवर बसायचं त्यांच्या जिवावर यायचं. "हे काय इंजिन आहे? शिवणयंत्र आहे," म्हणायचे. मेकॅनिकने गिअर शिकवले, तेही मान दुसरीकडे करून शिकले. मी म्हटलंसुद्धा, "बाबा, नीट ऐकून घ्या. उतारावर ते वेगळं वागतं म्हणतोय तो." तर म्हणाले, "सूनबाई, तू तुझा सांधा सांभाळ." जिभेवर आलेलं मी गिळलं. सासरे पडले ना!

सांधा सांभाळणं हेच माझं काम. उताराच्या मध्यावर रूळ फुटतात. डावीकडचे भट्टीत जातात, उजवीकडचे वाळूच्या ढिगात जाऊन संपतात. सुटलेले डबे भट्टीत शिरू नयेत म्हणून ती वाळू. माझ्यापाशी लोखंडी दांडा, तो ओढला की गाडीची वाट बदलते.

त्या सकाळी वाट नेहमीसारखी भट्टीकडे होती. खाली त्याच रुळांवर एका रिकाम्या डब्याची झडप अडकली होती आणि माझा नवरा रुळांमधल्या खड्ड्यात, डब्याच्या पोटाखाली शिरून घण मारत होता. ठाण ठाण आवाज मला वर ऐकू येत होता. बाबांनी माझ्यापाशी येऊन थांबायचं, ह्यांचं काम आटोपलं की मग पुढे जायचं, असं ठरलं होतं.

वरून ठेंगू दिसलं. मागे चुनखडीने शिगोशीग भरलेले डबे. वेग जरा जास्त वाटला. बाबांनाही वाटला असणार, कारण त्यांनी गिअरचा दांडा खसकन मागे खेचला. अगं आई गं! वाफेच्या इंजिनावर तसंच करायचे ते. दांडा उलटा टाकला की वाफच चाकं धरून ठेवायची. जन्माची सवय, हात आपसूक गेला. पण ठेंगूचा गिअर धावत्या गाडीत असा उलटा पडतोय होय? तो निघाला तो निघालाच, परत बसेना. नुसती दातांची करकर. चाकं मोकळी सुटली आणि मागून डबे रेटायला लागले.

मी खाली तोंड करून बोंबलले, "अहो, बाहेर या! बाहेर या!" घण काही थांबेना. धावत जाऊन सांगायला वेळ नव्हता. वर बघितलं तर बाबा दोन्ही हातांनी ब्रेकचं चाक आवळत होते. टोपी कुठल्या कुठे उडालेली.

"उडी मारा, बाबा! मारा की उडी!"

मारतायत कसली. ब्रेक सोडला तर डबे आणखी सुसाट सुटतील, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. भट्टीकडे जाऊ द्यावं तर नवऱ्याचा चेंदामेंदा. वाळूत घालावं तर सगळे डबे मागून बाबांवर. बाईमाणसाला सांधा जमेल का म्हणून साहेब कुरकुरत होता, तेव्हा त्याच्याशी भांडून मला इथे उभं केलं होतं ते ह्याच म्हाताऱ्याने. खरं सांगते, मला संताप आला. बाबांचा, ठेंगूचा, खाली ठोकत बसलेल्या त्या बहिऱ्या नवऱ्याचा. हे माझ्याच गळ्यात का म्हणून?

मी दांडा ओढला.

ठेंगू हातभर अंतरावरून गेलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, रुळांकडे बघितलं आणि पुन्हा ब्रेकला भिडले. मग धडाधडा आवाज आणि सगळीकडे वाळू.

मी त्यांना वाळूतून बाहेर ओढलं तेव्हा कपाळ फुटलेलं, पाय मोडलेला, पण जीव होता. हे धावत आले, बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "सांधा कुणी फिरवला?"

"मी."

"बाबा दिसत होते तुला?"

"दिसत होते."

हे माझ्याकडे डोळे रोखून बघत राहिले. हा माणूस आता उभ्या जन्मात माझ्याशी धड बोलायचा नाही, असं वाटलं.

"तिच्यावर काय डोळे काढतोस?" बाबा कण्हत म्हणाले. "मीच भोंगा दिला. वाळूत घाल म्हणून. तिने माझं ऐकलं."

"मला नाही ऐकू आला."

"घण कोण बडवत होतं, गाढवा? जा, मला न्यायला झोळी आण."

ह्यांचे खांदे सैल झाले. जाता जाता माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले.

भोंगा वाजलाच नव्हता. बाबांचे दोन्ही हात ब्रेकच्या चाकावर होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते. हे लांब गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, तुम्ही कधी..."

"गप्प बस," ते म्हणाले आणि माझं मनगट घट्ट धरलं. "मीही त्यालाच वाचवलं असतं."

मी तिथेच वाळूत बसले आणि मोठ्याने रडले.