चार माणसांची पेटी

"आज जेवायला काय?" या प्रश्नावरून रोज संध्याकाळी जिथं भांडण होत नाही, असं घर मला दाखवा. मी तिथं जाऊन हात जोडीन! आमच्या ओरेब्रो शहरात तर संध्याकाळ झाली की घरोघरी हीच बोंब. योन्ना आणि रास्मुस या जोडप्याकडे जरा जास्तच. दोघं नोकरी करणारे, दोघं दमलेले. फ्रिजचं दार उघडून दोघं उभे राहणार आणि एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघणार.

"कालही मीच केलं होतं," योन्ना म्हणायची.

"काल तू नुसता पास्ता उकडलास," रास्मुस म्हणायचा. झालं! मग कुणी कुणाशी बोलायचं नाही. चौदा वर्षांची तुवा कानात गाणी घालून बसायची आणि धाकटा विल्गोत ब्रेड-लोणी खाऊन पोट भरून घ्यायचा.

शेवटी वैतागून योन्नानं पेटी लावली. हल्ली निम्म्या शहरानं लावली आहे. दर सोमवारी दारात एक खोका येतो आणि त्यात तीन संध्याकाळचं जेवण असतं, सगळं मोजूनमापून. माशाचे चार तुकडे, बोटभर आलं, मसाल्याच्या इवल्याशा पुड्या आणि सोबत चित्रांसकट कृती. चिरा, परता, वाढा. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्या घरात शांतता आली. रास्मुससुद्धा ओट्यापाशी उभा राहून कांदा चिरायला लागला. पेटीला नावं ठेवायची मला काही हौस नाही.

घोटाळा झाला तो बुधवारी.

बुधवारी रास्मुसचे वडील जेवायला यायचे. टॉर्स्टन त्यांचं नाव. बायको गेल्यापासून एकटे राहणारे, थंडी असो वारा असो सायकलवरून येणारे, आणि जिभेला हाड नसलेले. पूर्वी योन्ना सॉसेजचा दाट रस्सा करायची. त्यात दोन बटाटे जास्त टाकले की म्हाताऱ्याचंही भागायचं. आता तुकडे चार. त्यात पेटी मिळते ती दोघांची, चौघांची, नाहीतर सहा जणांची. पाच जणांची पेटी मिळत नाही.

"मग सहाची मागवू," रास्मुस एकदा पुटपुटला.

"आणि सहावा वाटा कचऱ्यात टाकू? बुधवारच्या एका जेवणासाठी सगळी पेटीच मोठी घ्यावी लागेल. आधी विचार करत जा, मग बोलत जा!"

रास्मुसनं विचार केला आणि बोलणंच सोडून दिलं.

त्या बुधवारी टॉर्स्टन बूट काढून आत आले, तर टेबलावर चारच ताटं मांडलेली. योन्ना म्हणाली, "तुमचं जेवण झालं असेल ना?"

बघा, प्रश्न कसा विचारला! "जेवता ना?" असं नाही म्हणाली. म्हाताऱ्यानं टेबलाकडे पाहिलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान ताठ करून म्हणाले, "झालं."

"मग बाहेरच्या खोलीत बसा. टीव्ही लावा. आम्ही पटकन उरकतो."

आता आमच्याकडे यात आक्रीत असं काही नाही. पोराचा मित्र खेळायला आला आणि जेवायची वेळ झाली, तर घरचे जेवतात आणि ते पोर खोलीत थांबतं. त्याच्या घरी त्याच्यासाठी रांधलेलं असेल, उगाच कुणाला मिंधं करू नये, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो. आम्हीही लहानपणी तसेच थांबलो. पण मंडळी, त्या पोराच्या घरी कुणीतरी ताट झाकून वाट बघत असतं. टॉर्स्टनच्या घरी कोण होतं?

असे काही बुधवार गेले. तोच प्रश्न, तेच उत्तर. एकदा तुवा मधेच उठून बाहेरच्या खोलीत डोकावली, तर तिचा फारफार, म्हणजे बापाचा बाप, कोटाच्या खिशातली कडक भाकरी मोडून चघळत होता. चावण्याचा आवाज आत ऐकू जाऊ नये म्हणून बिचाऱ्यानं टीव्ही मोठा केला होता. पोरगी तरातरा परत आली.

"आई, फारफार उपाशी आहे!"

"ते स्वतः म्हणाले, जेवलोय."

"तू विचारतेसच तसं! मी माझा तुकडा त्याला देते."

"हात लावू नकोस! तो तुझ्या वाटचा आहे. वाढीचं वय आहे तुझं." योन्नाचा आवाज चढला. "आणि यायच्या आधी एक फोन करायला काय होतं माणसाला? हे घर आहे, खानावळ नाही!"

बाहेरचा टीव्ही बंद झाला. टॉर्स्टन दाराशी जाऊन बूट घालू लागले.

"खानावळीत निदान टेबलाशी बसू तरी देतात," ते म्हणाले आणि दार आपटून गेले.

आणि रास्मुस? पोटचा मुलगा? तो खाली मान घालून बटाटा कुस्करत होता.

पुढच्या बुधवारी म्हातारा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "रुसलेत. येतील आपोआप," योन्ना म्हणाली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. तुवानं मात्र आईशी बोलणं टाकलं. हाक मारली की ओ नाही, विचारलं की उत्तर नाही.

मग एका बुधवारी योन्ना कामावरून घरी आली, तर टेबलाशी बापलेक दोघंच.

"तुवा कुठंय?"

"आपला वाटा डब्यात घालून गेली," रास्मुस म्हणाला. "बाबांकडे."

योन्नाचं पित्त खवळलं. दुपारपासून पोटात कण नव्हता, तरी तशीच गाडीत बसली आणि सासऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात आजा आणि नात समोरासमोर जेवत होते. माशाच्या तुकड्याचे दोन भाग केलेले. शेजारी दुकानातलं गरम करून खायचं तयार जेवण, एका माणसाचं, खिम्याचे गोळे आणि बटाटा. तेही दोघांत वाटलेलं.

"तुवा, ऊठ! घरी चल."

"जेवतेय मी."

"पोरीला माझ्याविरुद्ध फितवता?" योन्ना सासऱ्यावर कडाडली. "लाज नाही वाटत?"

टॉर्स्टननी शांतपणे काटा खाली ठेवला. "योन्ना, तुझं जेवण झालं असेल ना?"

आता "नाही" म्हणायला जीभ वळायला हवी ना! आमच्या लोकांची मान मोडेल, पण वाकायची नाही. "झालं," ती म्हणाली.

"मग बाहेरच्या खोलीत बस. टीव्ही लाव. आम्ही पटकन उरकतो."

पोरीला घेतल्याशिवाय परतायचं नव्हतं, म्हणून योन्ना बसली. टीव्ही काही लावला नाही. आतून काट्यासुऱ्यांचा आवाज यायला लागला. तळलेल्या खिम्याचा वास यायला लागला. तुवा कशाला तरी खळखळून हसली. ही पोरगी शेवटची कधी अशी हसली होती, ते योन्नाला आठवेना. रागानं तिचे कान तापले होते, पोट गुरगुरत होतं, आणि पलीकडच्या खोलीत तिचीच पोरगी तिला एका शब्दानं विचारत नव्हती. असा अपमान तिचा जन्मात झाला नव्हता! आणि मग तिच्या लक्षात आलं, की हा अपमान तिनं बुधवारमागून बुधवार स्वतःच्या हातानं वाढला होता. तोही बायको गेलेल्या म्हाताऱ्याला!

ती उठून दाराशी गेली. "मी खोटं बोलले. जेवलेली नाही मी."

"मीही खोटंच बोलत होतो," टॉर्स्टन म्हणाले. "तुला कळत होतं?"

योन्नानं मान खाली घातली. "हो."

"कळत होतं!" म्हाताऱ्यानं टेबलावर मूठ आपटली. "कळत असून विचारत राहिलीस! मासा मला विकत घेता येत नाही होय गं? सगळे दिवस मी या भिंतींकडे बघत जेवतो. एक बुधवार चार माणसांत बसायचो. मीठ कमी म्हणायचो, तुम्ही वैतागायचात, मला बरं वाटायचं. तेवढं एक सुख होतं माझं, तेही तुझ्या खोक्यात मावलं नाही! आणि माझ्या मुलाचं तर नाव काढू नकोस. तू निदान तोंडानं बोललीस. त्याला तेवढंही जमलं नाही!"

तुवा घास हातात धरून बसली होती. योन्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलंच."

ते उठले, कपाटातून तिसरं ताट काढून टेबलावर ठेवलं. "बस. एका माणसाचं आहे, तिघांत पुरायचं नाही. ब्रेड आहे, लोणी आहे. आणि मी अजून रागावलेलोच आहे, हे ध्यानात ठेव."

योन्ना बसली. मुकाट्यानं जेवली.

पेटी अजूनही त्या घरी येते, चौघांचीच. बुधवारी योन्ना माशाचे बारीक तुकडे करते, जास्तीचे बटाटे उकडते आणि पाच ताटं मांडते. पहिल्या वेळी बापाला बोलवायला तिनं रास्मुसला पाठवलं. दारातच म्हाताऱ्यानं त्याला असं काही फैलावर घेतलं, की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. बरं झालं! त्याची खोड मोडायलाच हवी होती.

मंडळी, तुम्हीही पेट्या खुशाल मागवा. दमलेल्या माणसाला तेवढा आराम हवाच. पण आपल्या घरात माणसं किती, हे खोक्यावर छापलेल्या आकड्यावरून ठरवू नका. आणि जेवणाच्या वेळी कुणी दारात उभं राहिलं, तर "झालं असेल ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला उपाशी माणूसही "हो" म्हणतो. आधी ताट मांडा. मग विचारा, काय वाढू?