बाबांची मोजणी

धाकटा दार न वाजवताच घरात शिरला. त्याच्या मागोमाग सुटलेल्या पोटाचा एक गॅरेजवाला आला. त्याला ही जागा विकत हवी होती. धाकट्याने त्याला स्वयंपाकघर दाखवलं, मोरी दाखवली आणि मग बहिणीच्या खोलीचं दार धाडकन उघडलं.

"ही भिंत पाडली की दोन गाड्या आरामात मावतील," तो म्हणाला.

बहीण, म्हणजे ताई, पलंगावर बसून उशांना अभ्रे चढवत होती. तिने मान वर केली नाही. "भिंतीच्या आधी मला पाडावं लागेल," ती म्हणाली. "तेवढं यंत्र आणलंय का विचार त्यांना."

गॅरेजवाला कसनुसं हसला. धाकटा हसला नाही.

ताईने ह्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. ती दिवसभर एका दवाखान्यात औषधं बांधून द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांना औषधं पाजायची. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा धाकटा कधीमधी तोंड दाखवायचा, तेही उंबऱ्यावरून, कारण साहेबांना आतला वास सोसायचा नाही. ताईचं लग्नाचं वय त्या वासात निघून गेलं. आणि बाबा गेल्यावर मृत्युपत्र निघालं, त्यात काय, तर "जागा नंबर एक माझ्या मुलाची." मुलीचं नाव औषधालासुद्धा नव्हतं. जिने बापाची घाण काढली तिच्यासाठी बापाला एक ओळ सुचू नये! आयत्या बिळावर नागोबा बसतो असं म्हणतात, इथे तर बापानेच नागोबाला पाट मांडून बसवला होता.

"महिनाअखेर खोली रिकामी कर," धाकटा जाताना म्हणाला. "आणि हक्कसोडपत्रावर तुझी सही लागेल. ह्यांचा वकील अडून बसलाय. पुढे कटकट नको, बहिणीची सही आणा म्हणतो."

"नाही केली तर?"

"तर कोर्टात भेटू. माझ्याकडे मृत्युपत्र आहे. तुझ्याकडे काय आहे, ताई? बाबांच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या?"

दुसऱ्या दिवशी ताईने रजा टाकली आणि जमिनीच्या नोंदी ठेवणारं कार्यालय गाठलं. तिला एकच आशा होती. जागा घेताना आईचे दागिने मोडले होते. तेव्हा मालकीत आईचंही नाव लागलं असेल, तर आईच्या हिश्शातून आपल्याला एखादी खोली तरी सुटेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

खिडकीआडच्या कारकूनबाईच्या चेहऱ्यावर जगाविषयी असलेला राग ताजा दिसत होता. तिने उतारा छापून काढला आणि फटीतून बाहेर ढकलला. बाबांच्या नावावर आडवी रेघ होती आणि खाली धाकट्याचं नाव. आई कुठेच नव्हती.

"आईचं नाव नाही ह्यात."

"जे आहे ते छापलंय. नसलेलं मी कुठून आणू?"

"नीट बघा ना."

"नीटच बघितलंय. चला, पुढचे!"

पुढच्याने ताईच्या बरगडीत कोपर खुपसलं. तिने त्याला दुप्पट जोराने परत केलं आणि खिडकीची चौकट धरून उभी राहिली. रिकाम्या हाताने परत जायची तिची तयारी नव्हती, एवढंच कारण. "मग नकाशा द्या," ती म्हणाली.

"नकाशा कशाला? लोक नाव बघतात आणि जातात."

"मी लोक नाही."

कारकूनबाईने नकाशा असा आपटला की टाचण्यांची डबी उडाली. ताई बघू लागली. हमरस्त्यापासून आत गल्ली, गल्लीच्या कडेने ओळीत चौकोन, शेवटी नाला. पहिला चौकोन अगदी कोपऱ्यावर होता, त्याच्या एका अंगाला हमरस्ता आणि दुसऱ्या अंगाला गल्ली. त्यात ठसठशीत आकडा होता: एक.

"आणि कोपऱ्यावरची ती मोकळी जागा? ती कुठे दाखवलीय?"

"मोकळी जागा नाहीच. कोपऱ्यावर नंबर एक."

"कोपऱ्यावर तर उकिरडा आहे. विजेचा डीपी आहे. आमचं घर त्याच्या पलीकडे."

कारकूनबाईने पहिल्यांदाच तिच्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं. "मग तुमचं घर दोन नंबरवर आहे. तुम्ही शेजाऱ्याच्या जागेत राहताय, बाई." लगेच तिने नकाशा ओढून घेतला. "आणि हे मी सांगितलेलं नाही. मोजणी झाल्याशिवाय आम्ही काही सांगत नसतो. पुढचे!"

ताई बाहेरच्या बाकावर बसली आणि हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला.

बाबांना गल्लीत टेपवाले म्हणत. पडद्यापासून पापडापर्यंत सगळं मोजायची त्यांना खोड होती. गल्लीत पहिलं घर त्यांनीच बांधलं, आणि तेव्हा सरकारी मोजणीदार बोलवायला ते तयार झाले नाहीत. मोजणीदाराचं नाव काढलं की नाकाने कांदे सोलायचे. "मी स्वतः काटेरी झुडपांतून हद्दीचा पहिला दगड शोधला आणि तिथून टेप लावली," ही गोष्ट त्यांनी येईल त्या पाहुण्याला ऐकवली होती. तो पहिला दगड नव्हताच. पहिला झुडपांत गाडलेला राहिला, बाबांना सापडला तो दुसरा. मग पुढच्याने टेपवाल्यांच्या भिंतीवर विश्वास ठेवून आपली भिंत घातली, त्याच्या पुढच्याने त्याच्या भिंतीवर. अख्खी गल्ली एकेका घराने सरकली होती. शेवटचं घर तर नाल्यालगतच्या सरकारी पट्टीवर जाऊन बसलं होतं.

ताईला हसू फुटलं. आवरेना. दारावरच्या शिपायाने डोळे वटारले तरी ती हसत राहिली.

मग ती हसायची थांबली. घर धाकट्याचं नव्हतं हे खरं, पण तिचंही नव्हतं. ती जागा पलीकडच्या काकांची होती, आणि काका म्हणजे कुंपणावरून तिच्या अंगणात वाळका पाला टाकणारा, तिच्या मोरीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं शिव्या घालणारा म्हातारा. त्याला कळलं तर तो सामानासकट तिला रस्त्यावर काढेल. पण ती उठेपर्यंत तिला हेही उमगलं की काका स्वतः तीन नंबरवर बसलेत, आणि तीनवाले चारवर. जो तोंड उघडेल त्याचंच छप्पर आधी जाईल.

तिने धाकट्याला निरोप धाडला: सही करते.

वकिलाच्या खोलीत धाकटा तिच्याकडे संशयाने बघत होता. ताई इतक्या सहज नमेल ह्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"माझी एक अट आहे," ताई म्हणाली. "एक नंबरची जागा तुझी, तिच्यावरचा माझा हक्क मी सोडला. पण तिच्याबाहेर बाबांचं म्हणून जे काही असेल ते माझं. तिथे तुझा दावा नाही. तसं लिही आणि तूही सही कर."

"बाहेर काय आहे त्यांचं?"

"असेल काहीतरी. टेप आहे, काठी आहे, जुनी भांडीकुंडी आहेत."

धाकटा मोठ्याने हसला. "घे, कपबशांसकट घे. चमचेही मोजून घे, बापाची मुलगी शोभशील." त्याने वकिलाला ते वाक्य घालायला लावलं आणि झोकात सही ठोकली. ताईने पेनचं टोपण नीट बसवलं आणि मगच उठली.

खरेदीआधी गॅरेजवाल्याच्या वकिलाने सरकारी मोजणी मागितली. मोजणीच्या दिवशी गॅरेजवाला आला, धाकटा इस्त्रीच्या कपड्यांत आला आणि मोजणीदार आपल्या तिपाईसह आला. तो घराकडे फिरकलाच नाही. कोपऱ्यावर जाऊन त्याने गड्यांना उकिरडा उपसायला सांगितलं.

"अहो, घर इकडे आहे!" धाकटा ओरडला.

"मला घर मोजायचं नाही, जागा मोजायचीय."

फावडं दगडावर खणकन वाजलं. मोजणीदार खाली वाकला, दगडावरची खूण बघितली आणि तिथून मोजत निघाला. चुन्याची पांढरी रेघ उकिरड्याला वळसा घालून डीपीच्या मागून फिरली आणि ताईच्या भिंतीच्या अलीकडे थांबली. "ही तुमची जागा, नंबर एक," तो म्हणाला.

गॅरेजवाल्याने नाकाला रुमाल लावला. "मला डीपी विकत घ्यायचा नाही," एवढं बोलून तो गाडीत बसला. धाकटा त्याच्यामागे धावला, काच ठोठावली, पण गाडी निघून गेली.

तेवढ्यात कुंपणावरून काकांचं डोकं वर आलं. "एक नंबर तिकडे, तर मग हे हिचं घर कोणाच्या नंबरवर?"

मोजणीदार नकाशा उलगडणार होता. ताई काकांकडे वळली. "पुढचीही मोजणी करून घ्यायची का, काका? आलेच आहेत हे. हवं तर तुमच्या भिंतीपासून सुरुवात करू."

काकांनी आपल्या भिंतीकडे बघितलं, मग ओळीतल्या पुढच्या घरांकडे, मग लांबवर नाल्याकडे. म्हातारा खडूस होता, मूर्ख नव्हता. "मी कुठे काय म्हणालो?" तो पुटपुटला आणि आत गेला. त्याच्यापुढच्या घराची खिडकी लागली, त्याच्यापुढच्याचीही लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गल्लीला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मोजणीदाराला ज्याच्यासाठी बोलावलं होतं ते झालं होतं, त्याने तिपाई मिटली.

धाकटा इस्त्रीच्या कपड्यांनिशी उकिरड्याच्या कडेला उभा होता. "तुला माहीत होतं," तो म्हणाला. "सही करताना तुला सगळं माहीत होतं!"

"होतं."

"सख्ख्या भावाला फसवलंस?"

"तू कागदावर एक नंबर मागितलास. मी एक नंबर दिला."

"ते घर तुझंही नाही! दुसऱ्याच्या जागेत आहे ते!"

"जागा नसेल माझी. पण भिंती बाबांनी घातल्यात, आणि त्या एक नंबरच्या बाहेर आहेत. तू सही केलीयस."

धाकट्याच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "बाबांनी मला दिलं होतं ते! मला! तुला काहीसुद्धा दिलं नव्हतं त्यांनी!"

इतका वेळ तिच्या आवाजात जी धार होती ती इथे बोथट झाली. "हो," ताई म्हणाली. "शुद्धीवर असताना, विचार करून, जे द्यायचं ते त्यांनी तुलाच दिलं. मला जे मिळालं ते त्यांच्या हातून चुकून."

तिने आत जाऊन कडी घातली. बाहेर तो आणखी बराच वेळ ओरडत होता. खुंटीवर बाबांची टेप लटकत होती. ती हातात घेऊन ताई दाराशीच खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. बाबा गेले त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं.