मळ्यातल्या विहिरीचे पाणी

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी एक काचेची पेटी आहे. तुम्ही तिच्यात तुटके डस्टर टाकता. ती मीच. मला भंगारात घालायचे ठरले आहे, असे काल कानावर आले. जाण्याआधी माझी हकिगत ऐका. फारशी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

परभणीच्या बाजारात भुजंग नावाचा कारागीर तसबिरींना काचा बसवायचा. देवांच्या, वाडवडिलांच्या, येईल त्याच्या. त्याने लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडली, काचा बसवल्या आणि सांध्यांत लांबी भरली. खडूची भुकटी तेलात मळून केलेला तो लगदाच माझे पाणी धरून ठेवायचा. मला न्यायला आलेल्या बाईंना भुजंग म्हणाला, "हिला कोरडी ठिवू नका, बाई. पाणी असलं तर लय वर्षं टिकंल. कोरडी पडली की लांबी चिरती."

त्या सत्यशीलाबाई. मूळच्या पिंगळीच्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. बोरीहून गाडीवाटेने आत असलेल्या या गावात त्या नुकत्याच विज्ञान शिकवायला आल्या होत्या. नोकरी अजून कायम झाली नव्हती. वर्षभर काम बघून संस्था ठरवणार होती, आणि पिंगळीचे घर त्याच पगाराकडे डोळे लावून होते. ते १९७८ साल होते.

बाईंनी ओढ्यातले झिंगे जुन्या पातळाच्या फडक्याने धरून आणले. झिंगे असे नितळ, की त्यांनी खाल्लेले शेवाळही बाहेरून दिसायचे. सुट्टी झाली की पोरे माझ्या काचेला नाके चिकटवायची. तेवढे सुख मला पुन्हा कधी लाभले नाही.

पाणी मात्र बाईंनी स्वतः कधी ओढले नाही. विहिरीवर त्यांना कोणी अडवले नव्हते. पण त्या बादली घेऊन निघाल्या, की शाळेचे पाणी भरणाऱ्या सुलाबाई कुठून तरी लगबगीने पुढे यायच्या. "द्या बाई, मी वढते. तुमी कशाला तरास घेता?" गावात बौद्धांची विहीर वेगळी होती आणि बाई कोण, हे गावाला ठाऊक होते. मला वाटायचे, किती माया आहे सुलाबाईंची. बाईंना खरे काय ते कळत होते. त्या मुकाट्याने बादली द्यायच्या.

एकदा संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव शाळेत आले. झिंगे बघून खूश झाले आणि म्हणाले, "आमच्या मळ्यातल्या इहिरीत पाणवेल हाय. काचेत झकास दिसंल." दुसऱ्याच दिवशी गड्याच्या हाती वेल आली. दिसायला खरोखर झकास होती.

पानाखाली एक तपकिरी किडा चिकटलेला होता. नखाएवढाही नाही. बाईंनी तो भिंगाखाली धरला आणि मुख्याध्यापक दिनकररावांना बोलावले. सुलाबाई तिथेच माठ भरत होत्या.

"सर, हा बघा. चपटा कृमी. वेलीबरोबर आलाय."

दिनकररावांनी एक डोळा मिटून नीट पाहिले. बाणासारखे डोके, त्यावर दोन तिरळे डोळे. "हो की," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "पण वेल अध्यक्षांची आहे, बाई. हे आपल्यातच राहू द्या."

एकाचे अनेक झाले. दिवसा ते वाळूत दडायचे आणि अंधार पडला की काचेवर सरकायचे. कात टाकलेला झिंगा मऊ पडतो, त्याला पळता येत नाही. कृमी त्याच्यावर चढायचे आणि सकाळी नुसते कवच उरायचे. मादी पोटाखाली अंडी सांभाळायची आणि त्यातून सुटलेली टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले कृमींच्या तोंडी जायची. मला हातपाय नाहीत. माझ्या पोटात जे चालले होते ते बघणे एवढेच माझ्या हाती होते.

एका पोराने ब्लेडने कृमीचे दोन तुकडे केले. बाई म्हणाल्या, "चिरू नका रे. एकाचे दोन होतात." आणि तसेच झाले, शेपटीला डोके फुटले. मग बाईंनी दवाखान्यातून इंजेक्शनची रिकामी बाटली आणली, तिच्या रबरी बुचाला तापल्या सुईने भोके पाडली आणि आत कलेजीचा छोटा तुकडा घातला. वासाने कृमी आत शिरायचे, बाहेरची वाट त्यांना सापडायची नाही. रोज बाई बाटली रिकामी करायच्या. हळूहळू पिल्ले वाचू लागली.

त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसे गेली, असे शिक्षक दबक्या आवाजात बोलायचे. शाळा काही दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा बाई पिंगळीहून आल्या आणि आधी माझ्यापाशी येऊन वाकल्या. घरचे सुखरूप आहेत का, असे त्यांना कोणीच विचारले नाही.

व्यंकटराव आले तेव्हा बाईंच्या हातात ती बाटली होती.

"बाटलीत काय हाय, बाई?"

"कलेजी आहे, अध्यक्षसाहेब. किडे धरायला."

"शाळंत मटण? तुमचा हात पाण्यात, तुमचं मटण पाण्यात. अन् वर किडे कुठनं आले म्हणता?"

"किडे मळ्यातल्या वेलीबरोबर आले," बाई म्हणाल्या. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "सरांनी भिंगातून बघितलंय. विचारा त्यांना."

सगळ्यांनी दिनकररावांकडे पाहिले. भिंग टेबलावरच पडले होते. दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला काही तेवढं बारीक दिसलं नाही," ते म्हणाले.

बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आले. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "पाणी फेकू नका. त्यात पिल्लं आहेत."

पाणी फेकले. मला अंगणात आडवे केले आणि पिल्ले मातीत जिरली. ती कोणाला दिसलीसुद्धा नाहीत. मोठे झिंगे तेवढे बादलीत काढले. मला गोमूत्राने धुतले आणि चोख पाणी हवे म्हणून व्यंकटरावांनी स्वतःच्या गाडीतून पिंप भरून पाठवले. कुठून? मळ्यातल्या त्याच विहिरीतून. रोग तिथला आणि औषधही तिथलेच!

झिंगे माझ्यात परत सोडले आणि कृमीही परत आले. आता पाण्यात बाईंचा हात नव्हता, मटणही नव्हते. पहिला कृमी काचेवर चढला तेव्हा दिनकरराव समोरच उभे होते. त्यांनी भिंग घेऊन पाहिले आणि भिंग कपाटात ठेवून दिले. बाईंना परत बोलावणारा निरोप गेला नाही. शेवटची मादी पोटातल्या अंड्यांसकट संपली आणि मी अडगळीत आले.

किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत. एका थंडीत बाहेर घोषणा ऐकू आल्या, नामांतर झाले म्हणून. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अडगळीचे दार उघडले. दिनकरराव होते, सेवानिवृत्तीला आलेले. मागे बादली घेऊन सुलाबाई, कमरेत वाकलेल्या.

"सत्यशीलाबाईंना माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला बोलवावं म्हणतो," दिनकरराव म्हणाले. "पेटी भरून ठेवू. त्यांना बरं वाटेल."

सुलाबाईंनी पाणी ओतले. मी जिवाच्या आकांताने धरायला गेले, पण लांबी केव्हाच चिरली होती. चारी सांध्यांतून पाणी सुटले, एक काच तडकली आणि ओघळ दिनकररावांच्या चपलांपर्यंत गेला. ते जागचे हलले नाहीत.

"मला तेव्हा दिसलं होतं, सुलाबाई," ते म्हणाले.

"मलाबी ठावं होतं, सर," सुलाबाई म्हणाल्या आणि फरशी पुसायला बसल्या. बाईंना बोलावणे गेले की नाही, ते मला माहीत नाही. मला आत ठेवून दार लावून घेतले.

मित्रांनो, काचेची पेटी आणलीत तर तिला कोरडी टाकू नका. नवी वेल पाण्यात सोडण्याआधी वेगळ्या भांड्यात ठेवून बघा, मग ती कोणाच्याही मळ्यातली असो. आणि भिंगातून जे दिसेल, ते दिसले त्याच दिवशी बोला. मी तर काच. मला तोंड नव्हते. त्या दोघांना होते.