साडेतीन तासांची पाटी

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. गाडीरस्ता जिथे संपतो आणि डोंगर सुरू होतो, तिथे मी उभा आहे. वाट दाखवणारा खांब, असं पूर्वी अभिमानाने सांगायचो. आता नुसतं खांब म्हणा. वाट दाखवायची लायकी माझ्यात उरलेली नाही, आणि ती का उरली नाही हे ऐकून तुम्हालाही माझा राग आला तर येऊ दे.

मला घडवलं वाट राखणाऱ्याने. त्याचं काम एवढंच, की दर हंगामानंतर डोंगर चालून बघायचा, ढासळलेले दगड रचायचे आणि खुणा रंगवायच्या. रस्त्याच्या टोकाला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. चुलीवर ओले मोजे वाळत टाकलेले आणि दारामागे कुदळ. त्याच घराच्या अंगणात त्याने मला तासलं, बुडाला डांबर लावलं आणि इथे रोवलं.

माझ्यापासून पलीकडच्या गावापर्यंतची वाट मोठी लबाड आहे. आधी सपाट पठार. चालणाऱ्याला वाटतं, हे तर काहीच नाही! मग दलदल, तिला लांबून वळसा. मग घसाऱ्याचा उतार, जिथे पायाखालचा दगड पायाआधी खाली पोचतो. तळाशी गार पाण्याचा ओढा. आणि तो ओलांडला, की उतरलो तेवढंच पुन्हा चढून खिंड गाठायची. दुपार कलली की धुकं खिंडीतून उतरतं आणि आधी ओढाच गिळतं.

पाटी कोरायच्या आधी वाट राखणाऱ्याने एक गंमत केली. स्वतः तो दीड तासात पलीकडे जायचा. पण त्याने बायकोच्या पाठीवर पिशवी दिली आणि म्हणाला, "चल, तुझ्या चालीने. मी मागून येतो." हातात घड्याळ घेऊन तो मागे मागे गेला. परत आल्यावर कोरलं : 'पलीकडचं गाव, साडेतीन तास. दुपारी बारानंतर निघू नका.'

बायको ते वाचून चिडली. "अहो, हे काय लिहिलंत? साडेतीन तास! जग हसेल मला."

"हसू दे. ज्याला वाट पाठ आहे तो पाटी वाचतच नाही. जो हळू चालतो त्याला कोण सांगणार?"

"म्हणून माझ्या पायांची दवंडी पिटलीत होय?" ती म्हणाली, पण हसली.

बावीस वर्षं मी ती दवंडी पिटली. दुपारचे लोक यायचे, वाचायचे, वैतागायचे. "छे, एवढा वेळ लागतो का कुठे!" मग धुक्याकडे बघून वाट राखणाऱ्याच्या घरी मुक्काम करायचे. दर आठवड्याला पलीकडे जाणारी नर्सबाई माझ्यावर हात थोपटून म्हणायची, "बाबा रे, तुझ्यामुळे आमचे निम्मे पेशंट कमी झाले." मी ताठ उभा राहायचो. खांबाला दुसरं येतं काय?

मग वाट राखणाऱ्याचं खुब्याचं हाड गेलं आणि नवराबायको खाली शहरात मुलीकडे राहायला गेली. घराला कुलूप लागलं. पुढच्याच वर्षी कचेरीतून साहेब आले, सोबत सुतार. साहेबांचे बूट इतके स्वच्छ होते, की साहेब माझ्यापुढे एक पाऊलही जाणार नाहीत हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाटी वाचून ते म्हणाले, "तास? कोणाचे तास? माणसागणिक बदलतात ते. अंतर बदलत नाही." मग नकाशा पसरला, वाटेवर दोरा ठेवला, दोरा पट्टीला लावला. चार किलोमीटर. दोऱ्याला दलदल लागत नाही आणि दम तर मुळीच लागत नाही. नवी पाटी चकचकीत होती : 'पलीकडचे गाव, ४ कि.मी.'

"साहेब, जुनी राहू दे का खाली?" सुताराने विचारलं.

"कशाला? दोन पाट्या म्हणजे लोकांचा गोंधळ."

सुतार भला माणूस. चांगलं लाकूड फेकवेना, म्हणून त्याने जुनी पाटी दोन दगडांवर पालथी ठेवली आणि बैठक केली. "निदान कुणी टेकेल तरी," म्हणाला. अक्षरं मातीकडे गेली.

थंडीच्या सुरुवातीला तीनच्या बसने एक मुलगा आणि त्याची आई उतरली. मुलगा चाळिशीचा, आई सत्तरीची. पलीकडच्या गावात तिची धाकटी बहीण आजारी होती.

"काय रे, तीन वाजून गेलेत," आई म्हणाली. "उद्या सकाळी जाऊ या का?"

"आई, चार किलोमीटर तर आहे. आपल्या घरापासून स्टेशन आहे ना, तेवढं. तास, फार तर सव्वा तास. मावशीकडे चहाला पोचतो बघ."

"तू म्हणतोस तर चल. थांब, बुटाची नाडी बांधू दे."

आणि ती बसली. त्या पालथ्या पाटीवर बसली, मित्रांनो! साडेतीन तास तिच्याखाली होते, 'बारानंतर निघू नका' तिच्याखाली होतं. दोन्ही नाड्या तिने नीट गाठी मारून बांधल्या. मी नुसता बघत राहिलो. मला त्या दिवशी कुणी मुळासकट उपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या गावचे चार जण तिला डोलीत घालून घेऊन आले. ती ओढ्यात घसरून भिजली होती. मुलाने आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि तो धुक्यातून चाचपडत गावाकडे मदत आणायला धावला. माणसं घेऊन परत येईपर्यंत गारठ्याने तिचा जीव गेला होता. डोली ठेवायला जागा करावी म्हणून एकाने बैठकीची फळी उचलली, ती उलटली आणि मुलाने वाचली.

"ही इथेच होती?" त्याने विचारलं. "ती यावरच बसली होती," तो म्हणाला.

बातमी ऐकून वाट राखणारा बायकोला घेऊन काठी टेकत आला. बायकोने फळी धरली, त्याने खिळे ठोकले. "माझी चाल काढून टाकली मेल्यांनी," ती रडत म्हणाली. महिन्याभरात कचेरीने ती पाटी पुन्हा उतरवून नेली. म्हणे परवानगी नव्हती. आणि चार किलोमीटरखाली एक नवी ओळ आली : 'प्रवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावे.' वा! काम संपलं.

धाकटी बहीण मात्र बरी झाली. उन्हाळ्यात, अगदी पहाटे निघून, ती नर्सबाईचा हात धरून त्याच वाटेने माझ्यापर्यंत आली. ओढ्यापाशी बराच वेळ थांबली होती, तरी चाल सोडली नव्हती. मला टेकून तिने पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"थांबलो तेवढा वेळ सोडून दे. चालायला किती लागला गं मला?"

नर्सबाईने घड्याळ पाहिलं. "साडेतीन तास, मावशी."

"मग हे इथे का नाही लिहिलं?"

मला तोंड नाही. तुम्हाला आहे, मित्रांनो. इकडे आलात तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्यात जी सगळ्यात हळू चालते तिला विचारा. आणि खिशात खिळा असेल, तर माझ्या अंगावर ते तास कोरून जा. लाकूड जुनं आहे, पण अजून कोरता येतं.