टेकूला सोडायला

कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा त्याचं खालचं टोक मुकादमाच्या खांद्यावर होतं आणि वरचं त्याच्या मुलीच्या हातात. मुलीने मागे न बघता दोन पायऱ्या घेतल्या, मनगट फिरवलं, आणि झोपेतलं मूल कूस बदलतं तसं कपाट बिनबोभाट सुटलं. सगळं झकास चाललं होतं. अडचण एवढीच, की कपाट तिचं नव्हतं.

तिचं सामान केव्हाच वर गेलं होतं. एक ट्रंक आणि एक गादी. ते टोळीतल्या पैलवानाने एका खेपेत नेलं, आणि पैलवान हा नावापुरताच पैलवान. वारा सुटला की त्याला टेम्पोत बसवून ठेवावं लागे. एवढ्याशा सामानाला टेम्पो, दोरखंड, घोंगड्या आणि अख्खी टोळी कशाला, असं मुलीची आई सकाळी म्हणालीसुद्धा. पण मुकादमाचा जन्म लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात गेलेला. लोकांच्या लेकरांना होस्टेलवर पोचवताना त्याने पडद्याच्या दांड्यासुद्धा कागदात गुंडाळून नेल्या होत्या. आता स्वतःची पोरगी कॉलेजात चाललेली, घराण्यातली पहिली, तिला काय बसने पाठवायची? टेम्पो धाकट्या भावाचा, मुलीच्या काकाचा, म्हणजे घरचाच होता. कामाचे नवे लाल शर्टही नुकतेच आले होते. त्यांच्या मागच्या बाजूला छापलेला, पाठीवर टेबल उचलून हसणारा हत्ती. नव्या जागी नवं घालावं, म्हणून सगळ्यांनी तेच घातले. मुलीनेही.

शाळेत तिचं नाव वेगळं होतं, पण घरीदारी सगळे तिला टेकू म्हणत. उभी राहायला लागली तेव्हापासून हलत्या सामानाला आधार म्हणून तिला कुठे ना कुठे लावलेलं असे. अभ्यासही तिने टेम्पोत मागे बसूनच केला, लोकांच्या मुलांच्या अभ्यासाच्या टेबलांवर. त्यांतल्या बऱ्याच टेबलांचा तो पहिलाच वापर असावा. भूमिती एका डॉक्टरांच्या मुलाच्या टेबलावर झाली, रसायनशास्त्र एका बिल्डरच्या. इतिहासाच्या दिवसांत मात्र नेमके सगळे फ्रिजच मिळत गेले, म्हणून इतिहास जरा कच्चा राहिला.

होस्टेलच्या अंगणात सकाळपासून गाड्यांची रीघ होती. मुकादम टेम्पोतून उतरला तोच काळा चष्मा लावलेल्या एक बाई म्हणाल्या, "आलात का? आधी आमचं घ्या." आम्ही आज कामावर नाही, असं सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण बाईंच्या मागे त्यांचा ड्रायव्हर एक छोटा फ्रिज उलटा करून फरशीवरून ओढत होता. चुकीचं उचललेलं सामान मुकादमाला बघवत नसे. तो फ्रिज सरळ करायला गेला. मग त्याच्या शेजारचा आरसा. मग ते कपाट. दुपार कलेपर्यंत होस्टेलचा अख्खा दुसरा मजला लावून झाला. लोक पैसे पुढे करत, तर तो म्हणे, आज आमची सुट्टी आहे. लोक हसत आणि पुढचं खोकं दाखवत.

प्रत्येक सामानाचं दुसरं टोक टेकूकडे होतं. तिच्याच खोलीत तिच्या जोडीदार मुलीचं टेबल, पुस्तकांची मांडणी आणि व्यायामाची सायकल आली, तीही तिनेच लावली. जोडीदार मुलगी फोनवर बोलत खिडकीशी उभी होती. तिच्या आईने कोपऱ्यातली ट्रंक बघितली आणि म्हणाली, ही कोणाची ते कळत नाही, तेवढी बाहेर ठेवतेस का, तिची मालकीण आली की बघेल तिची ती. टेकूने आपली ट्रंक उचलून बाहेर नेली.

मुकादम जिन्यातून वर येत होता.

"नीट ठेवलीस ना?" त्याने विचारलं.

"भिंतीला लावून ठेवलीय," टेकू म्हणाली.

आता त्या होस्टेलचा एक नियम होता, आणि तो फाटकापासून भोजनगृहापर्यंत जागोजागी लावला होता. संध्याकाळी सात वाजता हजेरी. पहिल्या दिवशी जी मुलगी हजर नसेल तिचा बेड यादीत खोळंबलेल्या पुढच्या मुलीला जाईल, आणि अशा खोळंबलेल्या मुली म्हणे पुष्कळ होत्या. टेकूला घरून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं. बेड गेला की कॉलेज गेलं. मुकादमाने तो नियम मनात इतका घोळवला होता, की टेम्पो त्याने सकाळी सातलाच आणून उभा केला होता.

पाच वाजता वॉचमनने शिटी मारली. कामाची माणसं बाहेर.

यानंतर जे झालं त्यात तसा दोष कोणाचाच नव्हता. काम संपल्यावर ही टोळी जे करते तेच तिने केलं. काकाने दोरखंड गुंडाळले. पैलवानाने घोंगड्यांच्या घड्या घातल्या. टेकूने टेम्पोचा हौदा झाडून घेतला. मुकादमाने फळीवर हात आपटून माणसं मोजली.

"चार," तो म्हणाला. "भरले."

पैलवान मागे बसला, बाकीचे पुढे, आणि टेम्पो निघाला.

पुढच्या बाकावर काका स्टिअरिंगशी, मुकादम दाराशी आणि मध्ये टेकू, ही वर्षानुवर्षांची बसण्याची रीत. बाजारपेठ मागे पडली. पाऊण तासाने पूल आला. पुलावर मुकादमाने मान वळवली, पलीकडच्या पाण्याकडे बघितल्यासारखं केलं, आणि पुन्हा समोर बघू लागला. आज सगळेच दमले होते. पुलापुढच्या पेट्रोल पंपाशी काकाने हात लांबवून पाणी मागितलं. टेकूने बाटली दिली. त्याने दोन घोट घेतले, तोंड पुसलं, बाटली परत देताना तिच्याकडे बघितलं आणि टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतला.

"तू इथे काय करतेस?"

"बसलेय," टेकू म्हणाली.

मागची काच वाजली. पैलवान विचारत होता, काय झालं म्हणून.

"टेकू राहिली," काका ओरडला.

"कुठे राहिली?"

"गाडीत."

पैलवानाने थोडा विचार केला आणि, मग बरंच झालं की, असं म्हणून तो परत घोंगड्यांवर आडवा झाला.

काकाने कपाळावर हात मारून घेतला. आता वहिनी आपल्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, सकाळी तिने केवढं रडून घेतलंय, ते सगळं फुकट गेलं, असं तो एका दमात म्हणाला आणि तेवढ्यातच त्याने टेम्पो वळवलाही. परतीच्या वाटेवर त्याने जे हॉर्न वाजवले, ते ऐकून एका लग्नाळू दिसणाऱ्या मोटारसायकलवाल्याने आपण होऊन गटारात गाडी घातली. मुकादम समोरच्या रस्त्याकडे बघत होता.  टेकू हत्तीच्या शर्टाचं खालचं बटण काढत होती आणि लावत होती.

फाटकाशी पोचले तेव्हा सात वाजायला थोडाच अवकाश होता. वॉचमनने टेम्पो बघितला आणि हात आडवा केला.

"पाचनंतर कामाची माणसं आत नाहीत."

मुकादम म्हणाला, ही कामाची नाही, ही इथली विद्यार्थिनी आहे. वॉचमन म्हणाला, दिवसभर माझ्या डोळ्यांदेखत कपाटं वाहत होती. आणि ते तर खरंच होतं. ओळखपत्र विचारलं तर ते ट्रंकेत. ट्रंक कुठे, तर खोलीच्या बाहेर. स्वतःची ट्रंक स्वतःच्या खोलीबाहेर कोण ठेवतं, असं वॉचमनने विचारलं, अगदी सभ्यपणे, आणि तिघेही जमिनीकडे बघू लागले. शेवटी काका म्हणाला, टेकू, शास्त्रातलं काहीतरी म्हणून दाखव यांना. टेकूने पाणी कशाकशाचं बनतं ते सांगितलं. वॉचमन म्हणाला, ते मलाही येतं.

वरच्या मजल्यावर घंटा झाली. तेवढ्यात रेक्टर मॅडमच लगबगीने फाटकाकडे आल्या. कोणाचं तरी कपाट खोलीत मावलं नाही म्हणून हजेरीच्या हॉलच्या दारातच ठेवलं होतं. आता निम्म्या मुली आत आणि निम्म्या बाहेर अडकल्या होत्या. लाल शर्ट दिसताच त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, तुम्ही अजून आहात? दोघंजण या पटकन."

वॉचमनने फाटक उघडलं. विद्यार्थिनीला जे फाटक उघडत नव्हतं ते कपाटासाठी असं सताड उघडलं. मुकादमाला त्यात राग येण्यासारखं काही वाटलं नाही. त्याला फक्त उघडं फाटक दिसलं. आत गेल्याशी मतलब. त्याने टेकूच्या पाठीला हात लावला.

"चल. धर."

टेकू हलली नाही. तिने दोन्ही हात मागे नेले आणि हत्तीच्या सोंडेवर एकमेकांत गुंतवून घट्ट धरले. हात मोकळे सोडले असते तर ते आपोआप कपाटाला जाऊन लागले असते, हे तिला माहीत होतं.

"काका धरेल, बाबा," ती म्हणाली, आणि मग रेक्टरांकडे वळली. "मॅडम, मी हजेरीला आलेय."

रेक्टरांनी शर्ट बघितला, चेहरा बघितला, परत शर्ट बघितला. नाव विचारलं. टेकूने शाळेतलं नाव सांगितलं, आडनावासकट.

"थांब जरा. सगळ्या विषयांत वर आणि इतिहासात काठावर, ती तू?"

"हो," टेकू म्हणाली. "फ्रिजमुळे."

रेक्टरांनी खुलासा मागितला नाही. इतकी वर्षं मुलींमध्ये काढल्यावर त्यांनी बहुधा ती सवय सोडली असावी. त्या म्हणाल्या, मग पळ, आणि टेकू पळाली. पाठीवरचा हत्ती टेबल घेऊन तिच्या मागोमाग जिना चढताना दिसला.

मुकादम आणि काका वर गेले, कपाट उचललं, वाट मोकळी केली. मुली घोळक्याने आत शिरल्या. कपाट कुठे ठेवायचं ते कोणी सांगेना, म्हणून दोघे ते धरून व्हरांड्यात उभे राहिले. आत नावं पुकारली जात होती. मुली अगदी हळू, ओठांतल्या ओठांत उत्तर देत होत्या. मग टेकूचं नाव आलं. ते पूर्ण नाव परक्या बाईच्या तोंडून ऐकताना मुकादमाला वाटलं, कोणीतरी मोठी असामी आली असावी.

"हजर," टेकू म्हणाली. जिन्याच्या वरच्या टोकावरून, टेकवा, असा आवाज द्यावा तसा. त्या आवाजासरशी मुकादमाने आणि काकाने, इतक्या वर्षांच्या सवयीने, कपाट जागच्या जागी खाली टेकवलं. ते मग तिथेच राहिलं.

हजेरी संपल्यावर ती बाहेर आली. काका, टेम्पो बघतो, असं सांगून मुद्दाम खाली उतरला. बापलेक व्हरांड्याच्या कठड्याशी उभे राहिले. जेवणाच्या ताटांचा खणखणाट खालून येत होता.

"बाबा, पुलावर तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं."

मुकादमाने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"बघितलं होतं."

"मग बोलला नाहीत ते?"

"पुलावर गाडी वळवता येत नाही," तो म्हणाला.

टेकूने मान डोलावली. ते बरोबरच होतं. पण पुलानंतर पंपापर्यंत रस्ता चांगला रुंद होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आणि तू गं? तू काय झोपली होतीस?"

"मी फाटकापासूनच जागी होते." ती आपल्या चपलांकडे बघत होती. "तुम्ही म्हणालात, भरले. मला बरं वाटलं."

 मुकादमाने तिच्या शर्टाचं खालचं बटण, जे लावायचं राहिलं होतं, लावलं आणि जरा जास्तच वेळ लावला. मग डोकं तिच्या डोक्यावर हलकेच आपटून तो जिन्याकडे वळला.

तो मधल्या वळणावर पोचला असेल नसेल, वरून त्या जोडीदार मुलीचा आवाज आला. टेबल खिडकीशी हवं आहे, उजेडात, तुझ्या त्या माणसांना सांगतेस का जाता जाता?

"ते माझे बाबा आहेत," टेकू म्हणाली, "आणि त्यांची सुट्टी झाली. आण, ही बाजू मी धरते."

"आणि ती बाजू?"

"ती तू धर."

 वर काहीतरी उचललं गेलं, कोणीतरी, अगं आई, म्हणालं, कोणीतरी खुदकन हसलं, आणि लाकडाने भिंत चांगली हातभर खरवडल्याचा आवाज आला. मुकादमाचा पाय पुढच्या पायरीवर तसाच राहिला. खालून काका जिन्याच्या तोंडाशी आला होता; त्यानेही ऐकलं.

"भिंतीचा रंग गेला," काका म्हणाला. "जाऊ का वर?"

मुकादमाने एकदा वर बघितलं. पण तो उतरू लागला.

"नको," तो म्हणाला. "नवीन आहे पोर. शिकेल."